बोटीवर चढण्याआधी दोन रात्री मुंबईत – तीही गाडीवाचून

बोटीचा प्रवास एकेकाळी कोकणातल्या माणसाच्या गरजेचा होता. घाटावरच्या आपल्या लोकांचा बोटीशी संबंध क्वचितच येई. आता काळ पालटला आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई बंदरातून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही मोठी प्रवासी बोट गोवा, लक्षद्वीप अशा सहली करू लागली. शहरात या सहलीला ‘क्रूझ’ म्हणतात. गावोगाव आता तिची विचारणा होते. कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झालेली असतात, तर कुणाच्या नोकरीला लागलेल्या मुलाला म्हाताऱ्या आजीला एकदा समुद्र दाखवायचा असतो. हौसेला मोल नसते हे खरे, पण नियोजन नसेल तर हौसेचे ओझे होते.

एस. टी. चुकली तर तासाभरात दुसरी मिळते. रेल्वे चुकली तर रात्री एखादी असतेच. बोट मात्र एकच असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. वेळेवर न पोचणाऱ्याला तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. म्हणून बोटीच्या दोन दिवस आधी मुंबई गाठावी, धक्क्याजवळ मुक्काम करावा आणि गाडी गावीच ठेवावी. ते कसे जमवायचे, तेच या लेखात सांगायचे आहे.

गाडी का नको?

घरात सात-आठ माणसे निघाली की पहिला विचार येतो तो जीप ठरवण्याचा. दारातून बसायचे आणि धक्क्यावर उतरायचे, हे ऐकायला सोपे वाटते. पण हिशेब करून पाहा. घाटात एखादा ट्रक बंद पडला की तीन तास जातात. मुंबईच्या वेशीवरची कोंडी वेगळीच. पुढे दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा मिळणे कठीण. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही बोटीवर असता तेव्हा ती जीप मुंबईत उभीच राहणार, आणि भाडे व चालकाचा भत्ता चालूच राहणार. म्हणजे न वापरलेल्या गाडीचे पैसे मोजायचे.

त्यापेक्षा रेल्वे बरी. कोल्हापूरहून महालक्ष्मी, सोलापूरहून सिद्धेश्वर, नांदेड-संभाजीनगरकडून देवगिरी, गोंदिया-नागपूरकडून विदर्भ, मनमाड-नाशिकहून पंचवटी या गाड्या थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे जुन्या बोरीबंदरला येतात. तिथून बोटीचा धक्का दीड किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. तारीख ठरली की पहिल्याच दिवशी तिकीट काढावे. साठीवरील पुरुष आणि पंचेचाळिशीपुढील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. अर्ज भरताना वय बरोबर लिहा, म्हणजे गुडघे धरलेल्या आजीला वर चढावे लागणार नाही.

एस. टी.ने जाणार असाल तर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना राज्यात प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. गावाहून रेल्वे स्टेशनापर्यंत जातानाही ही सवलत उपयोगी पडते. आधार कार्ड तेवढे जवळ असावे.

आधी गोठा, मग मुंबई

नोकरदाराने रजेचा अर्ज दिला की तो मोकळा होतो. आपल्याकडे दावणीला जनावर असते, शेतात पीक उभे असते. म्हणून शेतकऱ्याच्या सहलीचे नियोजन गोठ्यातून सुरू होते. आणि इथेच एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पुष्कळ घरांत सहल ठरते तेव्हा ‘दूध काढायला कुणीतरी हवे’ म्हणून एकीला मागे ठेवतात, आणि ती बहुधा थोरली सून असते. लग्नाला गेली नाही, जत्रेला गेली नाही, आता बोटीलाही नाही. तिच्या तोंडून तक्रार येत नाही, म्हणून तिला जायचे नसते असे नाही. थोडी आधी तयारी केली तर कुणालाच मागे ठेवावे लागत नाही.

गाय किंवा म्हैस विण्यापूर्वी दोन महिने आटवावी लागतेच. घरातली जनावरे आटलेली असतील किंवा दुभत्या जनावरांची संख्या कमी असेल, असा काळ आधीच हेरून ठेवावा. तरी एखादे दुभते राहिले तर शेजारी, भाऊबंद किंवा सालगडी यांच्याकडे ते सोपवता येते. मात्र निघायच्या आदल्या दिवशी सोपवू नका. नवा हात लागला की म्हैस पान्हा चोरते. दूध कासेत तुंबून राहिले की दगडी होण्याचा धोका वाढतो. जो माणूस धार काढणार आहे त्याला निदान पाच-सहा दिवस आधीपासून घरच्या बाईबरोबर धारेला बसवावे. वैरण आणि पेंड रोजच्या मापाने वेगवेगळी काढून ठेवावी, म्हणजे चाऱ्यात अचानक बदल होणार नाही. पशुवैद्यकाचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पिकाचेही तसेच. बागायती गव्हाचे उदाहरण घ्या. त्याला मध्यम ते भारी जमिनीत पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनी, ४० ते ४५ दिवसांनी, ६० ते ६५ दिवसांनी आणि ८० ते ८५ दिवसांनी पाणी महत्त्वाचे असते. दहा नोव्हेंबरच्या सुमारास पेरलेल्या गव्हाची फुलोऱ्यातली पाळी संक्रांतीच्या आसपास येते. ती पाळी दिली की पुढच्या पाळीपर्यंत पंधरा दिवस तरी मोकळे मिळतात. संक्रांतीनंतरचा आठवडा म्हणूनच सहलीला सोयीचा. शाळेची पोरे असतील तर मे महिना पाहावा, पण पावसाळ्याच्या तोंडाशी जाऊ नये. ऊस किंवा द्राक्षे असणाऱ्यांनी तोडणीची तारीख पाहूनच बोट ठरवावी. रात्रपाळीच्या विजेवर दारे धरायला कोण जाणार, हेही आधीच ठरलेले असावे.

धक्का नेमका कोणता?

‘बोट मुंबईहून सुटते’ एवढ्यावर निघू नका. मुंबईत बोटी सुटण्याच्या जागा अनेक आहेत आणि नवख्या माणसाचा तिथेच घोळ होतो. गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरी आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून मांडव्याला माणसे व मोटारी नेणारी रो-रो बोट जाते. मोठ्या सहलीच्या बोटी लागतात त्या बॅलार्ड पियरला, बंदराच्या ग्रीन गेटच्या आत. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तिकिटावर गेटचे जे नाव असेल ते टॅक्सीवाल्याला वाचून दाखवा. नुसते ‘धक्का’ म्हणालात तर तो भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडील.

बॅलार्ड इस्टेटचा हा भाग मुळात समुद्र होता. गोदी खोदताना निघालेल्या मातीने भर घालून पहिल्या महायुद्धाच्या काळात तो वसवला गेला. विलायतेला जाणाऱ्या बोटी मुंबई बंदरातूनच सुटत. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महात्मा गांधी याच बंदरातून बोटीने गेले होते. आपल्या मुलांना हे तिथे उभे राहून सांगा.

मुक्काम कोठे करावा?

मुंबईत प्रत्येकाचे कोणी ना कोणी पाहुणे असतात. पण ते बहुधा कल्याण, डोंबिवली, विरार या बाजूला राहतात. त्यांच्याकडे उतरलात तर बोटीच्या दिवशी सकाळी बोचकी घेऊन ऐन गर्दीच्या लोकलमध्ये चढावे लागेल. शिवाय दोन खोल्यांच्या घरात आठ माणसे गेली की त्या घरच्या बाईचे हाल होतात. पाहुण्यांना तुमच्या मुक्कामी एक संध्याकाळ भेटायला बोलवा आणि शेंगा, ज्वारी, तूप जे नेले असेल ते तिथेच द्या. आमदार निवासात सोय होईल या भरवशावरही कुटुंब घेऊन निघू नका. ऐनवेळी खोली नाही म्हटले तर रात्री कुठे जाणार?

बोरीबंदर आणि फोर्ट या भागातील लॉज, धर्मशाळा किंवा यात्री निवास आधी फोन करून नक्की करावे. रेल्वेचे आरक्षित तिकीट असेल तर स्टेशनवरील विश्रांतीच्या खोल्यांसाठीही आगाऊ नोंदणी करता येते. खोली घेताना चार प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का? संडास खोलीतच आहे का आणि तो बसका आहे की खुर्चीचा? गरम पाणी किती वाजेपर्यंत येते? खोली सोडण्याची वेळ चोवीस तासांची की दुपारी बाराची? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बोटीवर दुपारी घेणार असतील आणि खोली सकाळीच सोडावी लागणार असेल, तर सामान कुठे ठेवायचे ते आधी ठरवावे लागते. स्टेशनवर क्लोकरूम असते, पण कुलूप नसलेली पिशवी किंवा बोचके तिथे घेत नाहीत. प्रत्येक पिशवीला छोटे कुलूप असावे.

दोन दिवस कसे घालवावेत?

स्टेशनजवळ राहण्याचा मोठा फायदा म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने फिरता येते. सकाळी आठ ते अकरा लोकलची गर्दी बोरीबंदरकडे येते आणि संध्याकाळी पाच ते नऊ बोरीबंदरकडून जाते. तुम्ही सकाळी बोरीबंदरहून निघालात आणि संध्याकाळी परत आलात तर म्हाताऱ्या माणसांनाही बसायला जागा मिळते.

पहिल्या दिवशी सकाळी पोचल्यावर आंघोळी करून दुपारपर्यंत विश्रांती घ्यावी. रात्रभर प्रवास केलेल्या माणसाला लगेच फरफटवू नये. दुपारनंतर पायी फिरण्यासारखे पुष्कळ आहे. १८८८ साली पूर्ण झालेली स्टेशनची इमारतच आधी बाहेरून नीट पाहावी. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी इथूनच धावली. पलीकडे थोड्या अंतरावर महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, तीच जुनी क्रॉफर्ड मार्केट. ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिणाऱ्या माणसाचे नाव या बाजाराला आहे. आपण पिकवलेली फळे तिथे कशी मांडतात, कशी निवडतात आणि कोणत्या भावाने विकतात, हे डोळ्यांनी पाहावे. त्यातून शिकण्यासारखे निघतेच. दुसऱ्या बाजूला हुतात्मा चौक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या स्मारकावर मशाल धरून उभे आहेत ते शेतकरी आणि कामगार. संध्याकाळी टॅक्सीने गेटवेला जाऊन यावे. १९२४ साली पुरी झालेली ही कमान आणि तिच्यामागचा समुद्र पाहिला की म्हाताऱ्यांची भीती निम्मी कमी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सिद्धिविनायक. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. स्टेशनजवळून बसले की सिद्धिविनायकाला गाडी न बदलता उतरता येते. मंगळवार टाळावा, त्या दिवशी रांग फार मोठी असते. मेट्रोत सरकते जिने आहेत. नऊवारी किंवा धोतराचा सोगा त्यात अडकू शकतो, म्हणून आजी-आजोबांना लिफ्टनेच न्यावे. परतल्यावर जेवण आणि थोडी झोप. दुपारी मुलांना राणीच्या बागेत न्यावे. बोरीबंदरहून धीम्या लोकलने भायखळा हे तिसरे स्टेशन, पुढे थोडे चालायचे. तिथे पेंग्विन पाहायला मिळतात. बुधवारी बाग बंद असते.

घारापुरीची लेणी पाहायची असतील तर एक दिवस जास्त ठेवावा. जाण्या-येण्यात आणि शंभराहून अधिक पायऱ्यांत तो दिवस पुरा जातो. लेणी सोमवारी बंद असतात. ज्या दिवशी मोठी बोट असेल त्या दिवशी घारापुरीला मुळीच जाऊ नये. आणि छोट्या लाँचमध्ये बसताना आधी जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान बोट आदळून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ बुडाली, त्यात डझनाहून अधिक माणसे दगावली. लाँच भरगच्च असेल तर पुढच्या लाँचने जावे.

शहरात वावरताना

दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये झाले. मीटर टाकायला सांगावे. एका टॅक्सीत चारच माणसे बसतात, तेव्हा आठ जणांना दोन टॅक्सी लागतील. प्रत्येकीत एक वाचणारे, फोन असलेले माणूस हवे. बेस्ट बसचे किमान तिकीट मे २०२५ पासून साध्या बसला दहा आणि वातानुकूलित बसला बारा रुपये झाले.

लोकलमध्ये बायका महिलांच्या डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात असे होणार. चढण्याआधीच उतरायचे स्टेशन सर्वांना सांगून ठेवावे. कोणी मागे राहिला तर त्याने तिथेच उभे राहायचे. कोणी पुढे गेला तर त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचे. शोधायला घरच्या एकानेच जायचे. हा नियम पोरांकडून घोकून घ्यावा. लहान मुलांच्या आणि विसराळू म्हाताऱ्यांच्या खिशात लॉजचे नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. अडचणीत ११२ आणि रेल्वेसाठी १३९ हे नंबर लक्षात ठेवावेत.

बोटीचा दिवस

या दिवशी फिरणे नाही. तिकिटावर दोन वेळा असतात, एक बोट सुटण्याची आणि एक आत घेणे बंद होण्याची. आपली वेळ दुसरी समजावी. आत घेणे बंद होण्यापूर्वी दोन तास तरी गेटवर असावे. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र एकाच पाकिटात आणि एकाच माणसाजवळ ठेवा. तिकिटावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हे गावीच तपासा. माहेरचे आणि सासरचे नाव यांचा घोळ आपल्याकडे नेहमीचा असतो. गरोदर बाई किंवा तान्हे बाळ बरोबर असेल तर कंपनीचे नियम तिकीट काढण्याआधीच विचारून घ्यावेत.

सामानाची विमानतळासारखी तपासणी होते. अडकित्ता, खिशातला चाकू, काडेपेटी, लाइटर बरोबर नसावेत. बाहेरचे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या, चटणी, लाडू ही शिदोरी मुंबईच्या मुक्कामातच संपवावी. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, कारण ती बॅग खोलीवर उशिरा येते. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर घ्यावी. दुपारचे जेवण हलके करावे.

जुनी माणसे बोट म्हटली की ‘रामदास’ बोटीची आठवण काढतात. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये. मोठ्या बोटीवर सुरुवातीलाच सर्वांना बोलावून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, संकटात कुठे जमायचे ते दाखवतात. तेव्हा आळस न करता सगळ्यांनी जावे, आजीलाही न्यावे. स्वतः पाहिले की धीर येतो. खोल समुद्रात मोबाइल लागत नाही, हे गावी गोठा सांभाळणाऱ्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर तो काळजीत आणि तुम्हीही काळजीत.

खर्च आणि परतीचा प्रवास

तिकिटाच्या जाहिरातीत दिसणारा आकडा पुरा नसतो. बंदराचे शुल्क, कर, सेवाशुल्क धरून एकूण किती ते लेखी घ्या. त्यात रेल्वे, दोन रात्रींची खोली, जेवण, टॅक्सी मिळवा आणि दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी वेगळा ठेवा. बोटीवर काही खाणे तिकिटात असते आणि काहींचे पैसे पडतात. घेण्याआधी विचारण्यात कमीपणा नाही. मात्र एक पथ्य पाळावे. पीककर्जाच्या पैशाने बोट पाहू नये. कर्ज खतासाठी आणि बियाण्यासाठी असते. दुधाच्या हिशेबातून किंवा उसाच्या शेवटच्या हप्त्यातून वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून केलेली सहल गोड लागते.

परत येताना बोट धक्क्याला लागली तरी उतरायला वेळ लागतो. सकाळच्या रेल्वेचे तिकीट काढू नका, रात्रीची गाडी धरा. सामान क्लोकरूममध्ये टाकून दिवसभर आराम करा. जमीन काही वेळ हलल्यासारखी वाटते, त्याची भीती नको. घरी पोचल्यावर धार काढणाऱ्याच्या हातावर गोव्याचे काजू ठेवायला विसरू नका. पुढच्या वर्षी त्याचे कुटुंब सहलीला निघेल तेव्हा त्याची जनावरे आपण सांभाळायची आहेत.

निघण्याच्या आदल्या रात्री ही पाच कामे एकदा मोजून घ्या. गोठा सोपवला, पाण्याची पाळी दिली, ओळखपत्रे एका पाकिटात घातली, धक्क्याच्या गेटचे नाव लिहून घेतले, आणि घरातले सगळे, थोरल्या सुनेसकट, निघाले.